आधी टेप, मग वजनकाटा: ठाणे-नवी मुंबईतील घरांसाठी लठ्ठपणाचा हिशेब

वजनाच्या काट्यावर ठीक दिसणारा माणूस निरोगी असतोच असे नाही, आणि ही गोष्ट आशियाई माणसाच्या बाबतीत युरोपियन माणसापेक्षा अधिक खरी आहे. हातपाय बारीक, चेहरा सडपातळ, पण शर्टाच्या बटणांवर ताण आणणारे पोट, अशी शरीरयष्टी ठाण्याच्या फलाटावर सकाळी आठ वाजता उभे राहिल्यास सहज दिसते. अशा माणसाचे वजन तक्त्यात बसते, म्हणून तो निश्चिंत राहतो आणि चाळिशी गाठण्याआधीच त्याला मधुमेहाची गोळी सुरू होते. म्हणून पुढील मार्गदर्शनाची सुरुवात वजनापासून न करता कंबरेच्या घेरापासून केली आहे.

हा प्रश्न केवळ आपल्या गल्लीचा नाही. चीनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालानुसार निम्म्याहून अधिक प्रौढ अतिवजनी किंवा लठ्ठ आहेत, आणि मलेशियातील २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीतही प्रमाण निम्म्यावरच होते. भारतात २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजनी किंवा लठ्ठ आढळले, तर त्याआधीच्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २०.६ आणि १८.९ होते. आपण मात्र २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी मधुमेह-अभ्यासाकडे अधिक बारकाईने पाहावे. त्यात उंची-वजनाच्या मापाने २८.६ टक्के लोक लठ्ठ ठरले, पण पोटाच्या घेराच्या मापाने ३९.५ टक्के. म्हणजे देशातील दर दहा प्रौढांमागे किमान एक जण असा आहे, ज्याचा लठ्ठपणा काटा दाखवत नाही, टेप दाखवते.

असे का होते, याचे उत्तम उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता; पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के होते. याची मुळे जन्माच्याही आधीची असावीत असे पुण्याजवळच्या खेड्यांतील अभ्यासावरून दिसते. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. आपली बाळे वजनाने कितीतरी कमी असूनही त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती आणि उणीव होती ती स्नायूंची. कमी स्नायू आणि पोटाच्या आत, यकृताभोवती साठणारी चरबी, हा वारसा घेऊन आपण तेल, मैदा आणि बैठ्या कामाच्या काळात आलो आहोत.

माप कसे घ्यावे

शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्यावी. ती वाशीच्या किंवा गोखले रोडच्या कोणत्याही शिवणसाहित्याच्या दुकानात मिळते आणि डिजिटल काट्याच्या मानाने जवळजवळ फुकट असते. माप सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी आणि कपड्यावरून न घेता थेट अंगावर घ्यावे. बरगड्यांचे सर्वांत खालचे टोक आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा ही दोन्ही ठिकाणे बोटांनी चाचपून त्यांच्या बरोबर मध्यावर टेप आडवी धरावी. ती मागच्या बाजूला खाली घसरलेली नाही ना, हे आरशात पाहावे किंवा घरातील कोणाला तरी पाहायला सांगावे. श्वास नेहमीसारखा सोडून झाल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढून घेतलेले माप म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे, आणि पुरुष ती हमखास करतात. पँटचा नंबर हे मापच नव्हे, कारण पोट वाढले की पँट खाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो. गर्भवती स्त्रियांनी हे माप घेऊ नये.

भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. युरोपियन पुरुषांसाठी वापरली जाणारी ९४ आणि १०२ ही मापे आपल्याला लागू करू नयेत. ज्यांना हे आकडे लक्षात राहत नाहीत त्यांनी एवढेच पाहावे की कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे की नाही. १६४ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा घेर ८२ च्या आत असायला हवा. जपानने २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या नागरिकांच्या वार्षिक तपासणीत कंबरेचे माप समाविष्ट केले असून तेथील पुरुषांची मर्यादा ८५ सेंटिमीटर आहे. जपानमध्ये लठ्ठपणा आशियात अत्यंत कमी असतानाही ते मोजतात, हे विशेष.

यानंतर बीएमआय काढावा. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. जगभर २५ च्या पुढे अतिवजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा असे धरले जाते, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्येच आशियाई लोकसंख्येसाठी २३ आणि २७.५ या पातळ्या कृतीसाठी सुचवल्या, आणि भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ पासून अतिवजन व २५ पासून लठ्ठपणा असे निकष ठरवले. व्यवहारात याचा अर्थ असा की १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन साधारण साडेबासष्ट किलोच्या वर गेले की सावध व्हावे आणि ६८ च्या वर गेले की ते लठ्ठपणात धरावे. १५५ सेंटिमीटर उंचीसाठी हेच आकडे सुमारे ५५ आणि ६० किलो आहेत. मोबाइलमधील बहुतेक ॲप पाश्चात्त्य मर्यादा वापरतात आणि २४.५ बीएमआयला हिरवा रंग दाखवतात. त्या हिरव्या रंगावर विसंबू नये.

घेर किंवा बीएमआय यांपैकी काहीही रेषेच्या वर असेल तर पुढची पायरी म्हणजे रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी पातळी) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी). कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीतील महापालिकेचे रुग्णालय अशा ठिकाणी या तपासण्यांची चौकशी करता येते. त्यासाठी महागडे ‘फुल बॉडी पॅकेज’ घेण्याची गरज नाही. अहवालात पाच गोष्टी शोधाव्यात: रेषेबाहेरचा घेर, १५० किंवा त्याहून अधिक ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी), पुरुषांत ४० च्या व स्त्रियांत ५० च्या खाली असलेले एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल), १३०/८५ किंवा त्याहून अधिक रक्तदाब, आणि १०० किंवा त्याहून अधिक उपाशीपोटीची साखर. यांपैकी तीन जुळल्या तर डॉक्टरांकडे जाणे पुढे ढकलू नये, मग वजन कितीही ‘बरोबर’ असो. प्रयोगशाळेच्या कागदावर प्रत्येक आकडा सुटा सुटा छापलेला असतो आणि थोडासाच वर आहे म्हणून सोडून दिला जातो. तीन थोडे-थोडे मिळून काय होते ते त्या कागदावर लिहिलेले नसते.

तेलाचा महिन्याचा हिशेब

आहारातील बदलाची सुरुवात कोठून करावी, असे विचारल्यास माझे उत्तर तेलाचा डबा हेच आहे, कारण घरातील ही एकच गोष्ट अशी आहे जिचे मोजमाप दर महिन्याला आपोआप होते आणि जिच्याबाबत खोटे बोलता येत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शक तत्त्वांत २,००० कॅलरीच्या दिवसासाठी सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप सुचवले आहे. महिन्याचा हिशेब केला तर माणशी सुमारे ८१० ग्रॅम होतात, आणि एक लिटर तेलाचे वजन ९०० ग्रॅमहून थोडे अधिक असल्याने चौघांच्या कुटुंबाला साधारण साडेतीन लिटर पुरायला हवे. त्यात तूप आणि लोणीही आले, आणि बाहेर खाल्लेला वडापाव, भजी, चायनीज हे सारेही त्याच हिशेबातून वजा व्हायला हवे. पाच लिटरचा कॅन आणि वर अर्धा किलो तूप संपवणाऱ्या घराने हा आकडा एकदा शांतपणे समोर ठेवावा.

पद्धत साधी आहे. कॅन उघडला त्या दिवसाची तारीख मार्करने त्यावरच लिहावी आणि संपला की दुसरी तारीख लिहावी. पहिला महिना काहीही न बदलता फक्त मोजावे. दुसऱ्या महिन्यात फोडणीचे तेल कॅनमधून थेट कढईत ओतण्याऐवजी चहाच्या चमच्याने मोजून घालावे. चौघांच्या भाजीला तीन ते चार चमचे पुरतात, आणि भाजी लागेल अशी भीती वाटल्यास झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवण्याची आपली जुनी रीत आहेच. तळण आठवड्यातून एका दिवसापुरते ठेवावे. तळून उरलेले तेल दुसऱ्या दिवशीच्या भाजीत ‘संपवणे’ ही काटकसर शरीराला महागात पडते. दिवाळे, करावे, सारसोळे या गावठाणांच्या आसपास राहणाऱ्यांना ताजी मासळी सहज मिळते. बोंबील किंवा मांदेली रोज तव्यावर भरपूर तेलात तळण्यापेक्षा कालवण केल्यास प्रथिने तीच मिळतात आणि तेल निम्म्याहून कमी लागते. पोळीला वरून तेल लावणे बंद केले तर पहिले चार दिवस घरात कुरबूर होईल, पाचव्या दिवशी होणार नाही.

ठाण्याच्या माणसाला मिसळ सोडा असे सांगणे व्यर्थ आहे, आणि ते आवश्यकही नाही; मोड आलेली मटकी हे उत्तम अन्न आहे. तर्री पुन्हा मागू नये, फरसाण निम्मे घ्यावे आणि पावाची दुसरी जोडी टाळावी, एवढे पुरेसे आहे. उपवासाबद्दल मात्र अधिक कठोर बोलले पाहिजे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीला तंतोतंत लागू पडते, कारण शुद्ध पिष्टमय साबुदाणा, तूप, दाण्याचा कूट आणि वर तळलेले बटाट्याचे काप हे ताट नेहमीच्या वरण-भात-भाजीपेक्षा कितीतरी जड असते. संकष्टी पाळायची असेल तर वरीचा भात, दही, राजगिरा आणि फळे यांवर पाळावी.

ताटातली मांडणी

त्याच मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी किंवा मांस-मासे-अंडी, ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असे प्रमाण दिले आहे. ही वजने कच्च्या पदार्थांची आहेत. मध्यम आकाराच्या एका पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते, म्हणजे पाच पोळ्यांनंतर भातासाठी १०० ग्रॅम तांदूळ उरतात, आणि सकाळचे पोहे किंवा उपमा खाल्ला असेल तर तेही याच वाट्यातून जातात. आपल्या ताटात धान्य यापेक्षा बरेच जास्त आणि डाळ बरीच पातळ असते. म्हणून पोळी किंवा भात यांपैकी एकच पदार्थ एका जेवणात घ्यावा, वरण दाट करावे आणि उसळीची वाटी भाजीइतकीच मोठी असावी. मांसाहारी घरांना हे तुलनेने सोपे जाते. तांदूळ सोडून केवळ ज्वारी-बाजरीवर येण्याचा सध्या जो आग्रह धरला जातो, त्यात तथ्य आहे, पण भाकऱ्या चार खाल्ल्या तर फायदा उरत नाही.

घरातील गृहिणीच्या ताटाकडे वेगळे लक्ष द्यावे. ती सर्वांत शेवटी जेवते, भाजी बहुधा संपलेली असते, आणि वाया जाऊ नये म्हणून उरलेला भात व मुलांच्या ताटातली पोळी तिच्याच वाट्याला येते. तिच्या वाटणीची भाजी व उसळ सुरुवातीलाच झाकून बाजूला काढून ठेवावी आणि उरलेला भात फ्रीजमध्ये जावा, हा बदल कोणत्याही डाएट चार्टपेक्षा अधिक उपयोगी आहे.

साखरेबाबत थोडक्यात: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमपर्यंत असावी. प्रत्येकी दोन चमचे साखरेचे चार चहा घेतले की ही खालची मर्यादा ओलांडली जाते. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम साखर असते. सिंगापूरमध्ये डिसेंबर २०२२ पासून बाटलीबंद पेयांवर साखरेनुसार ‘ए’ ते ‘डी’ अशी श्रेणी छापली जाते. आपल्याकडे तोवर पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर वाचण्याची सवय लावावी. फळांचा रस हेही शीतपेयच समजावे.

प्रवासाच्या वेळापत्रकात चालणे कसे बसवावे

येथील नोकरदारांची खरी अडचण इच्छेची नसून घड्याळाची आहे. घोडबंदर रोडवरून सकाळी निघालेला माणूस वाहतुकीच्या कोंडीतून रात्री नऊला परततो, साडेदहाला भरपेट जेवतो आणि लगेच झोपतो. ऐरोली किंवा महापे येथील रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांचे हाल याहून वाईट असतात. अशांनी रात्रीच्या जेवणाचे दोन भाग करावेत. दुपारच्या डब्यासोबत एक जादा लहान डबा न्यावा, त्यात पोळीचा रोल, उकडलेली अंडी, मोड आलेले मूग किंवा फुटाणे असावेत आणि तो संध्याकाळी सहा-सातला, गाडी पकडण्यापूर्वी संपवावा. त्यामुळे स्टेशनबाहेरच्या गाडीवरचा वडापाव टळतो आणि घरी आल्यावर सूप, ताक, भाजी-वरण एवढे पुरते.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी असा सर्वमान्य दंडक आहे. ही मिनिटे एकत्रच काढायला हवीत असे नाही. ठाणे-वाशी मार्गावर प्रवास करणाऱ्याने स्टेशन ते घर यांपैकी एका बाजूची रिक्षा सोडली आणि सरकत्या जिन्याऐवजी पायऱ्या घेतल्या, तर पाच दिवसांत बरीचशी मिनिटे भरतात. सुट्टीच्या सकाळसाठी उपवन, कचराळी तलाव, वाशीचा सागर विहार, नेरुळचे ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ किंवा खारघरचे सेंट्रल पार्क आहेच. पावसाळ्यात खंड पडू नये म्हणून सोसायटीचा पार्किंग मजला किंवा जिना आधीच ठरवून ठेवावा, कारण जूनमध्ये थांबलेले चालणे थेट नवरात्रानंतर सुरू होते असा सर्वसाधारण अनुभव आहे. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग असावा. तलावपाळीवर गप्पा मारत घातलेली फेरी आनंदाची असते, व्यायामाची नव्हे.

आपल्या शरीरात उणीव स्नायूंची असल्याने केवळ चालणे पुरत नाही. आठवड्यातून दोन दिवस उठाबशा, भिंतीला हात टेकवून दंड आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे एवढे घरी करावे. जिमला जायचे असेल तर जावे. वर्षाचे शुल्क एकदम भरू नये.

अपेक्षा किती ठेवावी? पहिले उद्दिष्ट सध्याच्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे ७० किलोच्या माणसासाठी साडेतीन किलो, असे ठेवून त्यासाठी तीन ते सहा महिने द्यावेत. माप महिन्यातून एकदा, त्याच पद्धतीने घ्यावे. रोज काट्यावर चढू नये. वजन हटले नाही म्हणून महिन्याभरात सारे सोडून देणाऱ्यांनी चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचा निष्कर्ष लक्षात घ्यावा: मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ज्या लोकांनी आहार व चालण्यात बदल केले, त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि त्यांचे सरासरी वजन फारसे उतरलेले नव्हते. चीनमधील दाचिंग येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या अशाच प्रयोगातील लोकांना ३० वर्षांनंतरही फायदा दिसला. त्यांच्यात मधुमेह सरासरी सुमारे चार वर्षे उशिरा आला.

२०२५ मध्ये भारतात आलेल्या मौंजारो आणि वेगोव्ही या वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांबद्दल आता सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांवरही चर्चा होते. ती प्रभावी औषधे आहेत, पण ती बीएमआय ३० असलेल्यांसाठी, किंवा २७ च्या पुढे असून सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखा आजार असलेल्यांसाठी आहेत. लग्नसराईपूर्वी चार किलो उतरवण्यासाठी नाहीत. वजनाबरोबर स्नायूही घटतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि पुरेशी प्रथिने व व्यायाम यांच्या जोडीनेच घ्यावीत. चरबी वितळवणारे चूर्ण, पट्टे आणि चहा यांवर पैसे घालवू नयेत.

मुलांना मोठ्यांचे बीएमआय निकष लावू नयेत. पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये तयार केलेले वाढीचे तक्ते बालरोगतज्ज्ञांकडे असतात. त्यांत प्रौढांच्या २३ आणि २७ बीएमआयशी जुळणाऱ्या रेषा वयानुसार आखलेल्या आहेत. दर सहा महिन्यांनी मुलाची उंची व वजन त्या तक्त्यावर नोंदवून घ्यावे, आणि रेषा ओलांडली असल्यास मुलाला वेगळे ताट न वाढता वर सांगितलेले बदल साऱ्या घराच्या स्वयंपाकात करावेत. त्याच्यासमोर त्याच्या अंगकाठीविषयी नातेवाइकांत चर्चा करू नये. मुलाला उपाशी ठेवण्याचा किंवा त्याचे वजन झपाट्याने उतरवण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. उंची वाढत असताना वजन आहे तेथे थांबले, तरी बहुतेक मुले वर्ष-दोन वर्षांत तक्त्यावरील योग्य पट्ट्याकडे परत येऊ लागतात.